भिंतीवरचा रिकामा खिळा

"माझा मुलगा पळालेला नाही," बाई म्हणाली आणि तिनं फौजदारांच्या टेबलावर इस्त्री केलेला नवा कोट ठेवला. कोटावर एक कागद ठेवला.

कागद लष्करी रजेचा होता. चार दिवस रजा. आज संध्याकाळी पाचच्या गाडीनं परत हजर व्हायचं.

फौजदारांनी समोरचा चहा बाजूला सारला. त्यावर साय धरली होती आणि सायीनं त्यांना मळमळायचं. खरं तर युद्ध सुरू झाल्यापासून त्यांना कशानंही मळमळायचं. रोज कुणी ना कुणी शेजाऱ्याविरुद्ध निनावी चिठ्ठी टाकायचं, आणि ती वाचली की हात धुवावेसे वाटायचे.

"कधीपासून नाही?"

"काल दुपारी तीनला बाहेर पडला तो आलाच नाही. आज अकराला त्याचं लग्न आहे, नोंदणी कचेरीत. हा लग्नाचा कोट. पळायचं असतं तर रजेचा कागद घरी टाकून गेला असता? कागदाशिवाय पहिल्या नाक्यावरच धरतात."

"लष्करी चौकीवर सांगितलंत?"

"सांगितलं. तिथला कारकून दात कोरत होता. म्हणाला, पाचपर्यंत वाट बघू, नाही आला तर पळपुटा म्हणून नाव लावू." बाईनं कोटाची बाही सरळ केली. "पळपुट्याचं काय करतात ते तुम्हाला माहीत आहे, साहेब."

माहीत होतं. भिंतीशी उभं करतात. मग आईला एक छापील कार्ड येतं. त्यावरची सहीसुद्धा छापील असते.

"मावशी, हे लष्कराचं काम. माझ्या हातात..."

"तुमच्या दोन्ही मुली माझ्या हातावर झाल्या," बाई म्हणाली. ती सुईण होती. "तेव्हा तुम्ही बाहेरच्या ओट्यावर बसून रडत होतात. मी आजवर कुणाला बोलले नाही."

फौजदार टोपी घालून उठले.

"काल गेला कुठे?"

"बुटांच्या कारखान्यात. होणारी बायको तिथलीच, मालकाची मुलगी. लढाईआधी हा तिथंच कातडं कापायला होता. तिथंच जमलं दोघांचं."

"लग्नाचं बोलायला गेला?"

"काय माहीत. काखेत एक बूट होता, फडक्यात गुंडाळलेला. एकच. त्याचा नव्हता, लहान होता. असा घाण वास मारत होता की मी म्हटलं, आधी घराबाहेर काढ. तर म्हणाला, आई, हा माझ्या दोस्ताचा आहे. त्याचे दोन्ही पाय घोट्यापासून कापले. बुटात पाणी शिरून शिरून सडले."

"मग तो कारखान्यात कशाला न्यायचा?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाला, ज्यानं शिवलाय त्याला दाखवायचाय. मी म्हटलं, बाबा रे, शेकडो हात शिवतात, तुला काय कळणार? म्हणाला, हा टाका मी डोळे मिटून ओळखतो."

"त्याच्या पायात काय होतं?"

"त्याचे बूट. लढाईवर जाताना तिनंच करून दिलेले. कालच्या पावसात घोटाभर पाण्यातून आला होता, पण पायमोजा कोरडा. तेवढं मात्र मानलं मी पोरीला."

फौजदारांनी आधी नाके पाहिले, मग दवाखाना, मग दारूचा गुत्ता. मुलगा इतका उंच होता की सगळे त्याला लंब्या म्हणत. असा माणूस दिसला तर लक्षात राहतो. पण काल साडेतीननंतर तो कुणालाच दिसला नव्हता. अकराही वाजून गेले आणि लग्नही राहिलं. हवालदाराला घेऊन फौजदार कारखान्याच्या दारात पोचले तेव्हा तीन वाजत होते, आणि पाऊस कालच्यासारखाच पडत होता.

"बूट बाहेर काढा, साहेब," दाराशी बसलेला म्हातारा कारागीर म्हणाला.

"काय?"

"आत जमिनीवर ओलं कातडं पसरलेलं असतं. बुटाचा एक खडा लागला तर अख्खी कातडी वाया जाते. लष्कराचा साहेब आला तरी अनवाणीच आत जातो इथं."

फौजदारांच्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. ते बूट काढताना मनातल्या मनात शिव्या देत होते. म्हाताऱ्यानं त्यांचे बूट उचलले, फडक्यानं पुसले, आणि खालच्या खोक्यातून पायाच्या आकाराचे दोन लाकडी साचे काढून बुटांत बसवले. हे सगळं फौजदारांकडे न बघता.

"हे कशाला?"

"हां?" म्हातारा स्वतःच दचकला. "ओला बूट रिकामा ठेवला की आकसतो. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आता हात आपोआप जातो. बायको म्हणते, घरीही पाहुण्यांच्या बुटांना हात लावता, लाज आणता."

दाराशेजारच्या फळीवर सगळ्यांचं पायताण ओळीनं होतं. प्रत्येक ओल्या बुटात साचा. एकच जोड रिकामा, वाकडा होऊन पडला होता. उंची, टोकदार, बकलाचा.

"हा कुणाचा?"

"मालकांचा," म्हातारा म्हणाला आणि फडकं पिळू लागला.

आत सरसाचा वास होता. हाडं आणि कातडी उकळून केलेला सरस. नाकातून थेट पोटात उतरत होता. पंधरा-वीस हातोडे एकदम ठोकत होते. त्या सगळ्यावर मालकांच्या अंगाचा सेंट होता. सरस परवडला, पण हा सेंट नको, असं फौजदारांना झालं.

"लंब्या ना? चार वाजता गेला, हसत गेला, न्हाव्याकडे जातो म्हणाला," मालक म्हणाले.

"तुम्ही पाहिलंत?"

"म्हणजे काय! चार वाजता गेला. हसत गेला."

"हातात काही होतं?"

"नाही, नाही. हात रिकामे." मालकांनी रुमालानं मान पुसली. डोळे तांबारले होते. "माझी झोप नाही झाली हो. आम्ही वरच राहतो. तळघरात उंदीर फार झालेत, रात्रभर धुडगूस. त्यात पोरीचं हे असं. लग्नाच्या दिवशी पळून गेला, नालायक."

"पळाला असं कोण म्हणतं?"

"पाचला तुम्हीच म्हणाल," मालक म्हणाले, आणि किंचित हसले. त्या हसण्यानं फौजदारांच्या तोंडाला कडू चव आली.

मालकाची मुलगी मागच्या आतल्या खोलीत एकटी शिवत बसली होती. सगळे तिला ताई म्हणत. ती लग्नाच्या नव्या कपड्यांतच होती, वर कामाचा कातडी पट्टा बांधलेला. डोळे सुजलेले. डाव्या हातात भोकं पाडायची आरी होती आणि मेण लावलेला दोरा दातांत.

"आजही काम?"

"उद्या माल जायचाय." तिनं उजव्या मनगटानं नाक पुसलं. "बसून काय करू? कचेरीत तासभर उभी राहिले. लोक बघत होते."

"काल तो कधी आला?"

"साडेतीनला असेल. चार वाजता गेला. हसत गेला. न्हाव्याकडे जातो म्हणाला."

"बरोबर काही आणलं होतं?"

"काही नाही. हात रिकामे होते."

"भांडण?"

"आमचं?" तिनं वर पाहिलं. डोळ्यांत खरं पाणी होतं. "साहेब, तो गेल्यापासून मी दर रात्री त्याचा फोटो उशाशी घेऊन झोपते. माझं त्याच्यावर किती प्रेम आहे ते या भिंतींना विचारा."

फौजदारांनी भिंतीकडे पाहिलं. ठरलेल्या गिऱ्हाइकांचे साचे तिथे जोडीजोडीनं टांगलेले होते, प्रत्येकाचा खिळा वेगळा. सगळ्यांवर धुळीचा थर होता. मधे एक खिळा रिकामा होता आणि त्याच्याखाली भिंतीचा रंग स्वच्छ राहिला होता, दोन मोठ्या पावलांच्या आकाराचा.

ते बाहेर आले. म्हाताऱ्याला बाजूला घेतलं.

"काका, आतल्या खोलीतला तो रिकामा खिळा कुणाचा?"

"लंब्याचा. ताईंनी स्वतः साचा घडवून घेतला त्याच्यासाठी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. काल दुपारी मी झाडलं तेव्हा होता की जागेवर."

"तो गेला तेव्हा तुम्ही दाराशी होतात?"

"नाही. साडेतीनला ताईंनी मला दोरा आणायला बाजारात पाठवलं. आलो तेव्हा फळीवर त्याचे बूट नव्हते, म्हणजे गेला असणार."

"आतल्या खोलीत ताई काय शिवतात?"

"लष्कराचे सोल. दहांतले चार जोड तरी त्याच शिवतात. शिवताना कुणाला आत घेत नाहीत. मालकाची मुलगी असून एवढं राबते बघा."

सरसाच्या भट्टीपाशी फौजदार वाकले. राखेत सळईनं उकरलं. पितळेच्या आठ-दहा बारीक कड्या निघाल्या. नाडी ओवायच्या भोकांना लावतात त्या.

"इथं कातडं जाळता?"

"छे छे! कातडं जाळलं तर वासानं जेवण जाणार नाही दोन दिवस." म्हाताऱ्यानं हुंगलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पण सकाळपासून येतोय खरा."

तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सुईण दाराबाहेर पावसात उभी होती. कोट तिनं पदराखाली धरला होता, आणि दर दोन मिनिटांनी समोरच्या दुकानातल्या घड्याळाकडे बघत होती.

पाठवायच्या मालाच्या फळ्या मागच्या भिंतीला होत्या. दोनशे जोड, सगळे एकसारखे, काळे, रिकामे. फौजदार गुडघ्यांवर बसले आणि एकेक बुटात हात घालत सरकू लागले. कामगार हातोडे मारता मारता बघत होते. मालक दोनदा म्हणाले, "अहो, तो लष्कराचा माल आहे." फौजदारांनी ऐकलं नाही. पार खालच्या फळीवर, मागच्या रांगेत, त्यांचा हात लाकडाला लागला.

त्यांनी जोड बाहेर ओढला. स्वच्छ पुसलेला. इतरांपेक्षा चार बोटं लांब. शिवण अजून ओली. आणि दोन्ही बुटांत साचे, घट्ट बसवलेले.

"ताईंना बोलवा," ते म्हणाले. "आणि हातोडे बंद करा. सगळे."

हातोडे थांबले. सरस खदखदत होता तेवढाच आवाज. मग पायांखालून, जाड कशाच्या तरी पलीकडून, आवाज आला. धप्. धप्. थोडा वेळ काही नाही. पुन्हा धप्.

"हे तुमचे उंदीर," फौजदार मालकांना म्हणाले. "किल्ली कुणाकडे?"

मालकांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी पाठीमागे सरकली आणि तिचा डावा हात कातडी पट्ट्याच्या खिशावर गेला. हवालदारानं किल्ली काढून घेतली आणि म्हाताऱ्याला घेऊन तळघराकडे धावला.

"माझ्या मुलीला कशाला?" मालक ओरडले. "कुणीही ठेवले असतील ते बूट!"

"कुणीही नाही. ऐका." फौजदारांनी एक बूट हातात धरला. "बूट इथं, तर माणूस अनवाणी. बाहेर घोटाभर पाणी, आणि हा अनवाणी, हसत, न्हाव्याकडे गेला? बाप आणि मुलगी दोघं तीच वाक्यं बोललात, त्याच क्रमानं. तुम्ही त्याला जाताना पाहिलंच नाही, मालक. तुम्हाला पाठ करून दिलं."

मालकांनी रुमाल मुठीत चुरगाळला.

"आता बूट लपवले कुणी? लपवणाऱ्याला वाटलं, दोनशे काळ्या बुटांत दोन काळे बूट कोण शोधणार. डोकं चांगलं चाललं. पण हातानं घात केला. बूट ओले होते, आणि ज्याला पहिल्या दिवसापासून तेच शिकवलंय त्याच्या हातानं ओला बूट रिकामा ठेववेना. पुसले, साचा बसवला, मग लपवले. मालक, तुमचे स्वतःचे बूट दारात वाकडे होऊन पडलेत. तुम्हाला ती सवयच नाही. कामगारांना आहे, पण ते दाराच्या खोक्यातला कुठलाही साचा घेतात. हा त्याचाच साचा आहे, त्याच्या मापाचा, तिच्या खोलीतल्या खिळ्यावरचा. त्याला दुसरं कुणी हात लावत नाही."

मुलीची नजर बुटांवर होती.

"आणि कशासाठी? तो दोस्ताचा बूट घेऊन आला होता. तुम्ही दोघं म्हणता, हात रिकामे. त्याच्या आईनं बूट पाहिला, हुंगलासुद्धा. राखेत त्याच्या कड्या आहेत." फौजदार फळीवरचे नवे बूट एकेक उचलून उलटे करू लागले. "हा टाका उजवीकडे कलतो. हा पण. हा बघा, डावीकडे. डावखुऱ्या माणसाचा. इथं डाव्या हातानं कोण शिवतं, काका?"

म्हातारा नुकताच तळघरातून वर आला होता. "ताई," तो म्हणाला. "एकट्या ताई."

"कातडं कापायची रापी द्या."

फौजदारांनी रापीनं त्या शेवटच्या बुटाचा सोल उभा चिरला. वर कातड्याचा पातळ पापुद्रा निघाला. आत पुठ्ठा होता. खोक्याचा साधा, करडा पुठ्ठा, सरस लावून दाबलेला. त्यांनी तो नखानं उचकटला, आणि तो पावासारखा भुसभुशीत होऊन सुटा झाला.

कुणीतरी मागे "थू!" म्हणालं.

"दहांतले चार जोड," फौजदार म्हणाले. "गुपित ठेवायचं म्हणून घरच्याच हातानं शिवलेले. तोच हात त्यानं ओळखला. ज्या हातावर त्याचं प्रेम होतं, तोच."

"बाबांनी सुरू केलं," मुलगी पहिल्यांदा बोलली. "मी फक्त शिवलं. आणि त्याला मी मारलं नाही, साहेब. कातडं दाखवते म्हणून तळघरात नेलं आणि कुलूप घातलं, एवढंच. मी त्याला वाचवत होते. आज गेला असता तर तिकडे मेलाच असता. सहानंतर दार उघडणार होते. मग तो माझ्याजवळ राहिला असता. वर, माझ्या खोलीत, लढाई संपेपर्यंत."

"पाच वाजता तो पळपुटा झाला असता. पळपुट्याला खिडकीतून तोंड काढता येत नाही, आणि त्याचं बोलणं कुणी ऐकत नाही. एका कुलपात तुम्हाला दोन्ही मिळत होतं, नवरा आणि त्याची गप्प जीभ. नाहीच ऐकलं त्यानं, तर एक निनावी चिठ्ठी पुरली असती. मी तशा रोज वाचतो."

"मी असं कधीच केलं नसतं! माझं प्रेम आहे त्याच्यावर!"

"नुसतं वाचवायचं असतं, तर तो बूट जाळला नसतात."

फौजदारांना एकदम त्या खोलीतल्या सगळ्याचीच शिसारी आली: सरसाची, सेंटची, तिच्या नव्या कपड्यांची, रात्रभर धपधप ऐकून कूस बदलणाऱ्या बापाची. गुन्हेगार त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पण पायाखाली जावई दार बडवत असताना उंदीर म्हणून पडून राहणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

लंब्याला हवालदारानं वर आणलं. तो वाकून दारातून आला. मुठी सोलवटलेल्या, ओठ कोरडे, अंगाला कच्च्या कातड्याचा वास. सुईण अनवाणी धावत आत आली. तिनं आधी त्याचे हात पाहिले, मग पाय, मग डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नुकतं जन्मलेलं मूल तपासावं तशी. मग म्हणाली, "किती वाजले?"

चार वाजून पंधरा मिनिटं झाली होती. स्टेशन अर्ध्या तासावर.

"बूट घाल," फौजदार म्हणाले.

लंब्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं. साचे अजून आत होते. तो हलला नाही.

"बघ ना," मुलगी म्हणाली. हवालदारानं तिचा दंड धरला होता, तरी ती पुढे झुकली. तिच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, एक विचित्र अभिमान होता. "चिरून बघ हवं तर. तुझ्या बुटांत मी पुठ्ठा घातला नाही. दुहेरी कातडं आहे. स्वतः निवडलं मी. एवढं केलं तुझ्यासाठी, ते कुणी बोलत नाही."

लंब्याचा चेहरा असा झाला की आता ओकेल. "माझा दोस्त माझ्या शेजारी झोपायचा," तो हळू म्हणाला. "रोज रात्री माझे बूट हातात घेऊन बघायचा. म्हणायचा, नशीबवान आहेस लेका, तुझं कुणीतरी आहे. आता मी हे पायात घालू?"

"घालशील," सुईण म्हणाली. ती खाली बसली, साचे ओढून काढले आणि बाजूला फेकले. "नाही घातलेस तर ते तुला सरकारी जोड देतील, इथलाच. दे पाय इकडे."

त्यानं पाय दिला.

स्टेशनवर ते पाचला सात मिनिटं कमी असताना पोचले. लष्करी चौकी तिथेच होती, आणि दात कोरणारा कारकूनही. त्यानं कागद पाहिला, यादीत नावापुढे खूण केली आणि म्हणाला, "आला होय? मी पळपुट्यांच्या यादीत आधीच घातलं होतं. खोडावं लागणार आता." त्याला खाडाखोडीचा त्रास वाटत होता.

"खोडा," फौजदार म्हणाले. "माझ्यासमोर." त्यानं खोडेपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी पुठ्ठ्याचा चिरलेला सोल त्याच्या टेबलावर ठेवला. "आणि हा तुमच्या साहेबांना द्या. त्या कारखान्याचं एकही खोकं या गाडीत चढणार नाही. हे त्यांना माझ्याकडून सांगा, आणि मी इथंच उभा आहे असंही सांगा."

लंब्या डब्यात चढला. दारात वाकून उभा राहिला. आईनं लग्नाचा कोट वर दिला. त्यानं नको म्हणून मान हलवली आणि तिचा हात मात्र धरून ठेवला. शिट्टी झाली.

"काही लागतंय का?" फौजदारांनी विचारलं. दुसरं काय विचारावं ते त्यांना कळलं नाही.

"नाही, साहेब." त्यानं खाली पायांकडे पाहिलं. "बूट कुठंच चावत नाहीत. तेच सहन होत नाही."

गाडी वेळेवर सुटली.